गिझर, ओली फरशी आणि ट्रिप होणारा स्विच

(विद्युत विभागातील पॉवर सेक्शनच्या कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या अभ्यासवर्गात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण.)

आजच्या वर्गाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी मला विचारले, की सचिव साहेब, संघटनेच्या वर्गात गिझर कशाला? पेन्शनवर बोला, रिक्त जागांवर बोला, ठेकेदारीवर बोला. मी त्यांना सांगितले की गिझरवर बोललो तर या सगळ्यावर बोलणे होणारच आहे. आपल्या सेक्शनचा माणूस ट्रॅक्शनच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला घाबरून असतो, आणि ते बरोबरच आहे. पण दोनशे तीस व्होल्टला तो घरचा समजतो. न्हाणीघरात माणसाचे अंग ओले, पाय अनवाणी, खाली पाणी, हातात धातूचा नळ. तिथे हे घरचे दोनशे तीस पुरेसे असतात.

आधी थोडा हिशेब करू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. त्याला आपण १६ अँपिअरचा एम.सी.बी. लावतो. आता समजा, गिझरच्या टाकीतून पाच अँपिअर करंट भलत्या वाटेने जमिनीत जातो आहे. एम.सी.बी. पडेल का? पडणार नाही. त्याच्या दृष्टीने पावणेनऊ आणि पाच मिळूनसुद्धा सोळाच्या आतच आहेत. एम.सी.बी. वायर जळू नये म्हणून असतो, माणूस जळू नये म्हणून नसतो. ओल्या अंगाच्या माणसाचा रेझिस्टन्स साधारण हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्या अंगातून पाव अँपिअरच्या जवळपास करंट जातो. तेवढ्यात हृदय बंद पडते. एम.सी.बी.ला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून आर.सी.सी.बी. लागतो. बाजारात अजून त्याला ई.एल.सी.बी. म्हणतात, जरी जुना ई.एल.सी.बी. वेगळ्या तत्त्वावर चालायचा. आर.सी.सी.बी. एकच काम करतो. फेजमधून किती गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, याचा ताळा घेतो. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. असेल आणि तेवढी तूट आली, तर तो पडतो. तो पडला म्हणजे कुठेतरी करंट वाट चुकला आहे असे तो ओरडून सांगतो आहे. आपल्याकडे काय होते? ओरडणाऱ्याचे तोंड बांधतात.

तसे एक प्रकरण मी तुमच्यासमोर ठेवणार आहे. जागेचे नाव घेत नाही, कारण अशा जागा पुष्कळ आहेत. एका जंक्शनची रनिंग रूम. बाहेरगावचे लोको पायलट आणि गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) रात्री-अपरात्री येऊन झोपतात, पहाटे अंघोळ करून गाडी घेतात. एका ओळीत तीन न्हाणीघरे, तिन्हींत भिंतीवर गिझर, आणि तिन्हींना मिळून बाहेरच्या बोर्डावर एक आर.सी.सी.बी. हिवाळ्यात तो पहाटे पहाटे पडू लागला. तक्रार वहीत नोंद झाली. एकदा झाली, दोनदा झाली, तिसऱ्यांदा झाली. सुटे भाग नाहीत, माणूस एकच, त्याच्याकडे तीन स्टेशनांचे काम. क्रूची ओरड, की थंड पाण्याने अंघोळ करून गाडी चालवायची का? त्यांची ओरड रास्तच होती. वरून तोंडी हुकूम आला: सध्या डायरेक्ट करून टाका, नंतर बघू. आर.सी.सी.बी.ला बगल देऊन वायर जोडली गेली. गिझर चालू झाले, पाणी तापले, तक्रार बंद झाली. सगळे खूश.

काही महिने काहीच झाले नाही. का झाले नाही, ते नीट ऐका. त्या इमारतीत गिझरच्या अर्थची वायर जी.आय. पाइपाला क्लँप करून दिलेली होती. तो पाइप बाहेर जमिनीतून टाकीपर्यंत गेलेला. म्हणजे गिझरमधून गळणारा करंट पाइपातून मातीत जात होता. मीटरला भार पडत होता, माणसाला काही जाणवत नव्हते. मग इंजिनिअरिंग विभागाने गंजलेला बाहेरचा पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला. काम चांगले केले, गळती थांबली. पण विद्युत विभागाला कुणी कळवले नाही. पाण्याची गळती थांबली आणि करंटची वाटही बंद झाली. आता इमारतीच्या आतले लोखंडी पाइप एकमेकांना जोडलेले, पण जमिनीशी संबंध नाही. तिन्ही न्हाणीघरांचे नळ, शॉवर, गिझरच्या टाक्या, सगळे करंट अंगावर घेऊन बसले.

तक्रार आली ती तीन नंबरच्या न्हाणीघरातून: गिझर बंद असतानाही नळाला मुंग्या येतात. आपल्या लोकांनी तीन नंबरचा गिझर बदलला. तक्रार कायम. पुन्हा बदलला. तक्रार कायम. मग एका हेल्परला पाठवले. त्याने तीन नंबरचा स्विच बंद केला, आत गेला, ओल्या फरशीवर उभा राहिला आणि पाइपाला हात लावला. तो फेकला गेला, हात मोडला, पण वाचला. बिघाड तीन नंबरमध्ये नव्हताच. एक नंबरच्या गिझरची कॉइल फुटलेली होती, आणि तिथे त्या वेळी कुणीतरी पाणी तापवत होते.

चौकशीत काय लिहिले गेले? कर्मचाऱ्याने मेन स्विच बंद न करता काम केले, निष्काळजीपणा. आपण तिथे गेलो तेव्हा पहिली मागणी तक्रार वहीची केली. ट्रिप होण्याच्या तीन नोंदी तारखेसह होत्या. मग पाइप बदलण्याच्या कामाचा कागद काढायला लावला. तारखा एकाखाली एक लावल्या आणि चौकशी अधिकाऱ्यासमोर ठेवल्या. हेल्परवरचा ठपका मागे घ्यावा लागला. पण साथींनो, आर.सी.सी.बी. डायरेक्ट करायचा हुकूम ज्याने दिला, त्याची सही कुठेच सापडली नाही. तोंडी हुकमाला सही नसते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तांत्रिक भाग. तक्रार आली, की लगेच पेचकस घेऊन धावू नका. आधी विचारा, की ट्रिप कधी होते? स्विच टाकताक्षणी होते, की पाच-दहा मिनिटांनी, की गिझर बंद असतानाही? उत्तरावर अर्धे काम असते. टाकताक्षणी पडत असेल तर बहुधा टर्मिनलवर पाणी आहे किंवा कॉइल चांगलीच फुटली आहे. थोड्या वेळाने पडत असेल तर कॉइलच्या नळीला बारीक तडा असतो, तापली की तो उघडतो. पावसाळ्यातच पडत असेल तर गिझरला दोष देण्याआधी भिंतीतली वायर आणि जंक्शन बॉक्स बघा.

आणि गिझर बंद, पण हॉलमधले पंखे-दिवे लावले की ट्रिप होते, अशी तक्रार आली तर गोंधळून जाऊ नका. गिझरचा स्विच फक्त फेज तोडतो. कॉइलमध्ये न्यूट्रलच्या टोकाला बिघाड असेल तर न्यूट्रल टाकीला टेकलेलाच राहतो. इतर भार चालू झाला की न्यूट्रलचा थोडा करंट त्या टाकीवाटे अर्थला पळतो आणि आर.सी.सी.बी.चा ताळा चुकतो. म्हणून गिझरला दोन्ही वायर तोडणारा डबल पोल स्विच हवा. दुसरे कारण याहून गंभीर आहे. जुन्या क्वार्टरमध्ये कधी फेज-न्यूट्रल उलटे झालेले असतात. तिथे साधा स्विच न्यूट्रल तोडतो. दिवा विझतो, पाणी तापत नाही, माणूस समजतो बंद झाले. कॉइल मात्र पूर्ण २३० व्होल्टवर उभी असते.

म्हणून काम सुरू करताना मेन बंद, शक्य असेल तर कुलूप, नाहीतर फ्यूज किंवा कॅरिअर खिशात, आणि बोर्डावर पाटी. त्यानंतर वीज गेली हे तपासून बघा. तपासताना निऑनच्या टेस्टरवर भिस्त ठेवू नका. तो नसलेला करंट दाखवतो आणि कधी असलेला दाखवत नाही. मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प घ्या, आणि तीन ठिकाणी बघा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मीटर आधी चालू लाइनवर लावून ठीक आहे ना, ते बघून घ्या. शेजारच्या न्हाणीघराचा गिझर याच पाइपावर आहे, तर तोसुद्धा बंद करा. त्या हेल्परच्या बाबतीत एवढे झाले असते तर हात मोडला नसता. पण हे त्याला कुणी शिकवले होते?

मग गिझरची फेज आणि न्यूट्रल, दोन्ही वायरी सोडवून वेगळ्या टेपात गुंडाळा आणि आर.सी.सी.बी. वर करा. टिकला तर दोष गिझरमध्ये. पडला तर दोष वायरिंगमध्ये. एकच वायर सोडून ही परीक्षा होत नाही, कारण मघाशी सांगितले. पुन्हा मेन बंद करून कॉइलचा ओहम मोजा. दोन किलोवॅटची २६ ओहमच्या आसपास यायला हवी, तीन किलोवॅटची साडेसतरा. उघडे दाखवत असेल तर कॉइल तुटली. पण २६ ओहम बरोबर आला म्हणून कॉइल चांगली, असे समजू नका. हीच चूक सगळीकडे होते. फुटलेली कॉइलसुद्धा २६ ओहम दाखवते आणि पाणीही तापवते. तिच्या आत निक्रोमची तार असते, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी, वरून धातूची नळी. बोअरच्या जड पाण्याने नळीवर क्षाराचा थर चढतो, आतली उष्णता बाहेर निघत नाही, नळीला तडा जातो. भुकटी पाणी शोषते. तार शाबूत, पण इन्सुलेशन गेले. ते फक्त मेगर सांगतो. दोन्ही टर्मिनल एकत्र करून टाकीच्या धातूशी ५०० व्होल्टच्या मेगरने बघा. एक मेगओहमच्या खाली आली की कॉइल काढून टाका. इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा गिझर असेल तर बोर्ड आधी सोडवा, नाहीतर मेगरने तोच जाईल.

आता मेगरविषयी. किती डेपोंत चालू मेगर आहे? हात वर करा. बघा. जो माणूस मेगर देत नाही आणि चौकशीत विचारतो, की तुम्ही इन्सुलेशन का तपासले नाही, त्याला उत्तर कागदावर द्यायचे असते. मागणीपत्राची नक्कल जपून ठेवा.

आता अर्थिंग. गिझरच्या टाकीपासून सॉकेटच्या जाड पिनेपर्यंत सलगता तपासा, एका ओहमच्या बरीच आत यायला हवी. पण सलग आहे म्हणजे अर्थ आहे असे नाही. ती वायर पुढे कुठे गेली ते डोळ्यांनी बघा. पाइपावर गेली असेल तर पाइप कशाचा आहे, जमिनीखाली कशाचा आहे, विचारा. आज निम्म्या इमारतींत पाइप प्लॅस्टिकचे झाले आहेत आणि अर्थच्या वायरी अजून लोखंडाच्या आठवणीवर लटकताहेत. अर्थिंग कसे असावे ते आय.एस. ३०४३ या मानकात सांगितले आहे, गिझरसाठी आय.एस. २०८२ आहे. १९५६ चे वीज नियम गेले, २०१० चे आले, तेही जाऊन २०२३ चे आले. नियमांची कमतरता नाही.

एक हरामखोरी मात्र मला तुम्हाला ठासून सांगायची आहे. सॉकेटमध्ये अर्थची वायर आलेली नसते, तेव्हा काही जण न्यूट्रलवरून छोटा तुकडा काढून अर्थच्या पिनेला देतात. मीटर लावला तर फेज आणि अर्थमध्ये बरोबर २३० येतात, टेस्ट लॅम्प लख्ख लागतो, तपासणारा शेरा मारतो 'ठीक'. अशा जागी कॉइल गळली तर करंट टाकीतून त्या तुकड्यावाटे न्यूट्रलमध्येच परत जातो. आर.सी.सी.बी.चा ताळा जुळतो, तो पडत नाही. आणि ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी कॉइलमधून फेज सरळ टाकीवर येते. कॉइल चांगली असली तरी येते. हे पकडायचे असेल तर मेन बंद करा, बोर्डावर त्या सर्किटची न्यूट्रल सोडवा, गिझरचा प्लग काढा आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थची पिन यांत ओहम बघा. शून्य आला की बॉक्स उघडा, तुकडा सापडेल.

थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल फार बोलत नाही, ते तुम्ही रोज हाताळता. एवढेच सांगतो, की व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याला बूच मारू नका. थर्मोस्टॅट चिकटला आणि व्हॉल्व्ह बंद असला तर टाकी फुटते.

एका साथीची चिठ्ठी आली आहे. त्यांचा मुलगा आय.टी.आय. करून एका ठेकेदाराकडे डोंगराळ, थंड भागात हॉटेलांची कामे करतो. तिथे न्हाणीघराची फरशीच विजेने तापवतात, ती ट्रिप होते, काय करावे? चांगला प्रश्न आहे. फरशी तापवणे नवे नाही, काश्मीरमध्ये हमामची दगडी जमीन खाली लाकडे पेटवून तापवतात, कोरियातही जुनी पद्धत आहे. विजेच्या फरशीत टाइलच्या खाली हीटिंग केबल असते, तिच्यावर धातूची जाळी, आणि ती जाळी अर्थ केलेली. तत्त्व गिझरचेच. फरक एवढाच, की कॉइल काढून हातात घेता येत नाही.

तिथेही हिशेब करा. चौरस मीटरला दीडशे वॅट धरले तर तीन चौरस मीटरची केबल साडेचारशे वॅटची, म्हणजे ११७ ओहमच्या जवळपास. खरा आकडा केबलच्या लेबलवर असतो. चांगला कारागीर तो तीनदा मोजून कार्डावर लिहितो: केबल अंथरण्याआधी, अंथरल्यावर, आणि टाइल बसल्यावर. सोबत मेगरही. ते कार्ड मागा. ओहम बरोबर आणि फरशी गार, तर दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा फरशीत घातलेल्या सेन्सरमध्ये. सेन्सर नळीत घातलेला असेल तर ओढून बदलता येतो. ओहम उघडा दाखवत असेल तर केबल तुटली. बहुतेक वेळा कमोडचा किंवा दाराच्या स्टॉपरचा स्क्रू बसवताना कुणीतरी ड्रिल मारलेले असते, तिथे आधी बघा. ट्रिप होत असेल तर केबल भिंतीकडच्या साध्या वायरीला जिथे जोडली आहे तो जोड बघा, ओल तिथून शिरते. जागा नक्की सापडेपर्यंत फरशी फोडू नका. सापडली की एक टाइल काढून कंपनीच्या जोडसाहित्याने जोड करा. खराब तुकडा कापून उरलेली केबल तशीच चालवायची नाही. केबल आखूड झाली की ओहम कमी होतो, करंट वाढतो आणि ती फरशीखाली जळत राहते. आणि त्या मुलाला सांगा, मालकाचे पाहुणे कितीही ओरडले तरी ३० मिलिअँपिअरचा स्विच काढून फरशी चालू करून द्यायची नाही. त्यावर लोक अनवाणी उभे राहणार आहेत.

तो मुलगा ठेकेदाराकडे आहे, उद्या त्याने नाही म्हटले तर परवा त्याची नोकरी जाईल, हे मला कळते. आपण कायम कर्मचारी आहोत, आपल्याला नाही म्हणता येते. आपल्या डेपोत ठेकेदाराची जी मुले काम करतात, त्यांच्या वतीनेही आपणच नाही म्हणायचे आहे. तोंडी हुकूम आला तर भांडू नका. वही काढा आणि लिहा: अमुक तारखेला अमुक वेळी आर.सी.सी.बी. पडला, इन्सुलेशन इतके आले, सर्किट बंद ठेवले आहे, चालू करायचे असल्यास लेखी आदेश द्यावा. खाली सही करा. शाखेत मी हे गेली काही वर्षे सांगतो आहे. असा लेखी आदेश कुणी अजून दिलेला मी पाहिला नाही. नवीन कॉइल मात्र दोन-चार दिवसांत येते.

प्रशासनापुढे आपल्या मागण्या तीनच आहेत. प्रत्येक डेपोला चालू आणि तपासलेला मेगर. ओल्या जागेतल्या कामाला दोन माणसे. आणि पाणी-पाइपाचे कोणतेही काम करण्यापूर्वी विद्युत विभागाची सही. क्वार्टरांतही आर.सी.सी.बी. बसवावेत, हा मुद्दा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घातला आहे. ज्यांच्या क्वार्टरमध्ये अर्थची वायर पाइपावर आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपला क्वार्टर नंबर आपल्या शाखेच्या पदाधिकाऱ्याकडे लिहून द्यावा.

दुपारी दोन वाजता खालच्या शेडमध्ये जमा. तीन जुन्या कॉइली ठेवल्या आहेत, तिन्ही २६ ओहम दाखवतात. कोणती चांगली, ते मेगर घेऊन तुम्हीच सांगायचे आहे.